काशीचा विणकर आणि आमची हजेरी

सालाबादप्रमाणे वार्षिकांकाचा मराठी विभाग सिद्ध करावयास आम्ही बसलो, तेव्हा विद्यार्थ्यांच्या हाती या वर्षी कोणता विचार द्यावा, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. क्रीडा, स्नेहसंमेलन, परीक्षांचे निकाल यांचे वृत्तान्त अन्यत्र येतीलच. परंतु वर्षारंभी घडलेली एक लहानशी गोष्ट आमच्या मनातून जात नव्हती. ती वाचकांपुढे ठेवावी, आणि तिच्या निमित्ताने ज्या महात्म्याचे आम्हांस वारंवार स्मरण झाले त्याच्याविषयी चार शब्द लिहावे, असे शेवटी ठरविले.

जून महिन्यात एक गृहस्थ शाळेत आले. त्यांच्या मुलाचे नाव आठवीच्या वर्गात नुकतेच दाखल झाले होते. ते म्हणाले, "सर, एक विनंती आहे. हजेरी घेताना माझ्या मुलाचे आडनाव उच्चारू नये. त्याचे नाव आणि माझे नाव एवढे पुरे." कारण विचारले तेव्हा ते थोडा वेळ स्वस्थ राहिले. मग म्हणाले, "मागच्या शाळेत पहिल्या दिवशी हजेरी झाली आणि मधल्या सुट्टीत त्याच्या डब्याशेजारी कोणी बसले नाही. कोणी काही बोलले नाही, सर. नुसते बसले नाहीत."

आम्ही त्यांस नियमाचे उत्तर दिले. हजेरीपटावर जे नाव असेल तेच वाचावे लागते, असे सांगितले. ते नमस्कार करून निघून गेले. उत्तर नियमास धरून होते. परंतु ते देताना आमच्या मनास समाधान वाटले नाही.

त्याच आठवड्यात हिंदीच्या तासाला कबीराचे दोहे चालू होते. जातिभेदाचा निषेध करणारा दोहा चाळीस मुलांनी एका सुरात म्हणून दाखविला. एकाही मुलाचा एक शब्द चुकला नाही. नंतर घंटा झाली, डबे उघडले, आणि वर्षानुवर्षे बसतात तशीच कोंडाळी करून मुले बसली. तो नवा मुलगा खिडकीशी एकटा जेवत होता. आम्ही व्हरांड्यातून हे पाहिले. ज्या कवीचे शब्द इतके अचूक पाठ झाले, त्याचा अर्थ कोठे गेला, असा प्रश्न आम्हांस पडला. हा प्रश्न मुलांना विचारण्यापूर्वी स्वतःस विचारावा, हे उचित म्हणून हा लेख.

कबीर पंधराव्या शतकात काशी नगरीत होऊन गेला. मुसलमान विणकरांच्या ज्या जातीस उत्तर हिंदुस्थानात जुलाहा म्हणतात, तिच्यातील एका घरी तो वाढला. नीरू व नीमा अशी त्याच्या पालकांची नावे परंपरा सांगते. कबीर हा शब्द अरबी असून त्याचा अर्थ 'महान' असा आहे, आणि मुसलमानांत तो ईश्वराच्या नामांपैकी एक मानितात. एका गरीब मागवाल्याच्या झोपडीत हे नाव ठेविले गेले, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. शाळा नाही, गुरुकुल नाही, मदरसा नाही. त्याच्या हाती होता तो विणकराचा धोटा. तथापि त्याच्या मुखातून निघालेली पदे लोकांनी जतन केली. शिखांचे पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात कबीराची शेकडो पदे व श्लोक घेतले. कबीरपंथीयांनी 'बीजक' सांभाळला. राजस्थानात दादूपंथीयांनी त्याची वाणी उतरून ठेविली. १९१५ साली रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याच्या शंभर पदांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, आणि १९२८ साली काशीच्या नागरीप्रचारिणी सभेने श्यामसुंदरदास यांनी संपादिलेली 'कबीर ग्रंथावली' छापली. या संग्रहांत पदांची निवड निरनिराळी आहे, भाषेतही भेद आहे. एक गोष्ट मात्र सर्वांत सारखी आढळते: हा विणकर कोणाचीही खुशामत करीत नाही.

त्याच्या दीक्षेची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्याच्या मनात रामानंदांस गुरू करावयाचे होते; परंतु विणकराच्या पोरास मंत्र मिळेल, अशी आशा नव्हती. म्हणून पहाटेच्या अंधारात तो गंगेच्या घाटाच्या पायरीवर जाऊन निजला. रामानंद स्नानास उतरले, त्यांचा पाय त्यास लागला, आणि त्यांच्या तोंडून सहज 'राम' शब्द निघाला. कबीराने तोच मंत्र मानिला. ही कथा आहे, तिच्यास इतिहासाचा दाखला मागू नये. पण तिच्यातील मर्म पाहावे. अंधारात पावलास जात कळली नाही. ज्यास पाय लागला तो मनुष्य आहे, एवढेच कळले, आणि तोंडून देवाचे नाव आले. उजेड असता तर कदाचित पाऊल मागे घेतले गेले असते. आमच्या वर्गात हजेरी होण्यापूर्वीचे पाच मिनिटांचे मौन हे त्या पहाटेसारखे असते. नवा मुलगा केवळ नवा मुलगा असतो. मग आम्ही आडनाव वाचतो, आणि दिवा लागतो.

आता कबीराने समतेविषयी काय शिकविले, ते पाहू. पुष्कळांचा असा समज आहे की, समता म्हणजे श्रेष्ठाने कनिष्ठावर केलेली दया. मोठ्या घरच्या मुलाने लहान घरच्या मुलास आपल्या शेजारी बसू द्यावे आणि त्याबद्दल शाबासकी मिळवावी, ही समता अशी समजूत शाळांतूनही दिसते. कबीराची समता अशी नव्हे. तो कोणाजवळ दया मागत नाही. सर्व मनुष्ये एकाच रीतीने जन्मास येतात, एकाच रक्तमांसाची असतात, एकाच रीतीने मातीस मिळतात. मग यांत उच्च कोण आणि नीच कोण, असे तो सरळ विचारतो. त्याच्या दृष्टीने समता हा उपकार नसून वस्तुस्थिती आहे. दोन आणि दोन चार, हे मान्य करणाऱ्याने कोणावर उपकार केला असे होत नाही. तसेच हे आहे. जो ही वस्तुस्थिती नाकारतो तो दुसऱ्याचा अपमान तर करितोच, परंतु त्याच्याही आधी तो असत्य बोलत असतो.

येथेच समतेचा आणि अंतरीच्या सत्याचा सांधा आहे. कबीराने पंडितास टोकले तसे मुल्लासही टोकले. माळ, टिळा, मुंडन, तीर्थ, उपवास, बांग, यांपैकी कशाचाही त्यास मूलतः द्वेष होता असे आम्हांस वाटत नाही. बाहेर चिन्ह आहे आणि आत त्याचा पत्ता नाही, ही स्थिती त्यास सहन होत नसे. देव बाहेर शोधू नये, तो घटाघटांत आहे, असे तो सांगतो. ही गोष्ट ज्यास खरोखर पटली, त्यास दुसऱ्याचा घट हलका मानता येणार नाही, कारण आत राहणारा एकच आहे. म्हणून कबीराच्या शिकवणीत समता आणि अंतरीचे सत्य हे दोन निरनिराळे धडे नाहीत. आत पाहिले की समता दिसते. समता दिसत नसेल तर आत पाहिलेच नाही, असे खुशाल समजावे.

ही कसोटी पंडितास आणि मुल्लास लावून आम्ही मोकळे होऊ शकत नाही. ती आमच्या प्रार्थनासभेसही लावली पाहिजे. रोज सकाळी आपण सर्व एका रांगेत उभे राहतो, एका आवाजात प्रार्थना म्हणतो आणि सर्वांचा पिता एक असे मानतो. दोन तासांनंतर त्याच पित्याच्या एका लेकराजवळ बसून भाकरी खाण्याचे टाळतो. यावर तो विणकर काय म्हणाला असता, याची कल्पना करणे कठीण नाही. तो प्रार्थनेस हसला नसता. आम्हांस हसला असता.

तीच गोष्ट पाठांतराची. पोथ्या वाचून कोणी ज्ञानी होत नाही, हे कबीराचे मत सर्वांस ठाऊक आहे. विद्यार्थिमित्रांनो, यावरून अभ्यास सोडावा असा सोयीचा अर्थ कृपा करून काढू नका. तो ज्यास दोष देतो ती विद्या नव्हे. विद्या जिभेवर राहून पोटात उतरली नाही, त्यास तो दोष देतो. ज्या दिवशी चाळीस मुलांनी त्याचा दोहा बिनचूक म्हटला, त्या दिवशी आम्ही त्यांस पूर्ण गुण दिले. मधल्या सुट्टीतील वागणुकीस गुण द्यावयाचे असते, तर आम्हां सर्वांचा, शिक्षकांसह, निकाल काय लागला असता?

परंतु त्या गृहस्थांच्या विनंतीकडे आपण पुन्हा वळू. कबीराच्या चरित्रात एक गोष्ट अशी आहे की, जिने आम्हांस प्रथम बुचकळ्यात पाडिले. त्याने आपली जात कधी लपविली नाही. आपल्या पदांतून तो स्वतःस जुलाहा म्हणवितो. ज्या शब्दाने लोक त्यास हिणवीत, तोच शब्द तो नावासारखा मिरवितो. शिष्य जमले, कीर्ती झाली, तरी परंपरेने त्याचे चित्र काढिले ते मागावर बसलेला विणकर म्हणूनच. त्याचे पुष्कळसे दृष्टान्तही मागावरचे आहेत: उभे आणि आडवे धागे, ताणा आणि बाणा, सूत, चादर. आपल्या धंद्यातूनच त्याने ब्रह्मज्ञान विणले. मग आडनाव झाकावयास सांगणारे ते गृहस्थ कबीराच्या विरुद्ध चालले होते काय? प्रथम आम्हांस तसे वाटले, आणि आमच्या नियमाच्या उत्तरास तेवढाच आधार मिळाला.

अधिक विचार केल्यावर आमची चूक आमच्या ध्यानी आली. कबीराने आपली जात सांगितली ती स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या सामर्थ्यावर, भर बाजारात उभे राहून. आठव्या इयत्तेतील तेरा वर्षांच्या मुलाची जात आम्ही चाळीस अनोळखी कानांपुढे वाचून दाखवितो, आणि वर त्यानेच कबीराचे धैर्य दाखवावे अशी अपेक्षा करितो. हे न्यायाचे नव्हे. त्या आडनावात काहीही दोष नाही. त्याच्या आजा-पणजांनी ते नाव कष्टाने वाहिले आहे, आणि मोठेपणी तो ते अभिमानाने सांगेल, अशी आमची आशा आहे. दोष ते ऐकणाऱ्या कानांत आहे. औषध ज्यास रोग त्यास द्यावयाचे. ज्यास रोग नाही त्यास धैर्याचा उपदेश करणे हा उपचार नव्हे.

आणि हे कान केवळ मुलांचे नाहीत. आपल्याकडे दोन अनोळखी माणसे आगगाडीत भेटली की नाव विचारतात. नाव सांगितले की आडनाव विचारतात. आडनावावरून उलगडा न झाला तर गाव विचारतात, आणि तरीही न झाला तर "म्हणजे आपण कोण?" असे विचारतात. हा प्रश्न आम्हीही अनेकदा विचारिला आहे, आणि त्यात केवळ आपुलकी होती असे म्हणण्याचे धैर्य आज आम्हांस होत नाही. पालकांस आमची नम्र विनंती आहे की, मुलगा नव्या मित्राचे नाव घरी सांगतो तेव्हा आपण पहिला प्रश्न कोणता विचारता, तो आठवून पाहावा. मूल प्रश्नाच्या शब्दांपेक्षा त्यानंतरची आपली मुद्रा अधिक लक्षपूर्वक वाचते.

कोणी म्हणेल, हे सर्व जुने झाले. आता कोठे राहिली आहे ती अस्पृश्यता? २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, हे खरे; आणि ते थोडे झाले असे आम्ही कदापि म्हणणार नाही. त्यासाठी किती जणांनी किती सोसले, ते महाराष्ट्रात तरी कोणी विसरू नये. संत चोखामेळ्याची समाधी पंढरपुरास देवळाच्या महाद्वाराबाहेर आहे. त्यांच्यानंतर सहाशे वर्षांनी, १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींस त्या मंदिराची दारे सर्वांसाठी उघडावी म्हणून उपोषण करावे लागले. त्याआधी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते केवळ तहान भागविण्यासाठी नव्हे. ज्या तळ्यावर जनावरे पाणी पीत, तेथे मनुष्यास मनुष्य म्हणून पाणी घेता यावे, यासाठी.

बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे कबीरपंथी होते, हे येथे मुद्दाम सांगावयाचे. घरात कबीराची वाणी आणि शाळेत वर्गाच्या एका बाजूस घरून आणलेले तरट, असे त्यांचे बालपण गेले. शाळेच्या शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला की पाणी नाही, असा तो काळ होता. घरी ऐकलेली वाणी आणि शाळेत सोसलेला अनुभव यांतील अंतर त्या मुलाने मनात साठविले, आणि पुढे त्याच मुलाच्या अध्यक्षतेखालील समितीने देशाच्या घटनेचा मसुदा लिहिला. आपले तीन गुरू कोण, हे सांगताना त्यांनी बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले ही नावे घेतली. काशीच्या विणकराचा धागा असा आमच्या महाराष्ट्राच्या वस्त्रात विणला गेला आहे. तो धागा त्याहूनही जुना आहे. आमच्या नामदेवांची एकसष्ट पदे ज्या आदिग्रंथात आहेत, त्याच ग्रंथात कबीराची वाणी आहे. शिंपी आणि विणकर तेथे शेजारी शेजारी बसले आहेत. महिपतींनी १७६२ साली पुऱ्या केलेल्या 'भक्तविजय' ग्रंथात कबीराचे चरित्र मराठीत गाइले आहे. तेव्हा कबीर हा परप्रांतीय, हिंदीच्या पुस्तकातील एक धडा, असे मानण्याचे आम्हांस कारण नाही.

घटनेने तळे उघडले, मंदिर उघडले, शाळा उघडली. डब्याशेजारची जागा मात्र घटनेस उघडता येत नाही. "कोणी काही बोलले नाही, नुसते बसले नाहीत," यावर कोणत्या न्यायालयात दाद मागावी? तेथे कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे अंतरीचे सत्यच पोहोचले पाहिजे. म्हणूनच पाचशे वर्षांपूर्वीचा हा कवी अद्याप जुना झालेला नाही.

कबीराच्या आयुष्याच्या अखेरची गोष्ट सांगून हा लेख आटोपता घेऊ. काशीस देह ठेविला की मोक्ष, आणि मगहर गावी मरण आले की गाढवाचा जन्म, असा लोकांचा समज होता. सारा जन्म काशीत काढून कबीर शेवटी मगहरास गेला आणि तेथेच त्याने देह ठेविला. आत देव असेल तर गावाची भीती नाही, आणि आत नसेल तर गावाचा उपयोग नाही, हे त्याने शब्दांनी सांगितले होते. ते शेवटी पावलांनी सांगितले. मगहर आज उत्तर प्रदेशात असून ज्या जिल्ह्यात ते येते, त्यास संत कबीर नगर असे नाव आहे. तेथे त्याची समाधी आणि मजार जवळजवळ उभ्या आहेत. जी जागा हीन मानली, तीच आता त्याच्या नावाने ओळखली जाते.

आमच्याही काही काशी आहेत, आणि काही मगहर. अमुक शाळा, अमुक वस्ती, अमुक बाक ही काशी. तमुक आळी, तमुक खिडकी हे मगहर. विद्यार्थिमित्रांनो, आम्ही तुम्हांस मोठे काही मागत नाही. एके दिवशी आपला डबा उचलून खिडकीशी जाऊन बसा. त्याबद्दल शाबासकीची वाट पाहू नका, कारण तो उपकार नव्हे. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.

आणि शाळेने काय केले, हे सांगितल्यावाचून हा उपदेश अपुरा राहील. आम्ही त्या गृहस्थांस पत्र पाठवून बोलाविले आणि जूनमधील आमच्या उत्तराबद्दल दिलगिरी व्यक्त केली. दुसऱ्या सत्रापासून सर्व वर्गांत हजेरी क्रमांकाने आणि नावाने घेतली जाते. आडनावे पटावर आहेत, ती वाचली जात नाहीत. एका मुलासाठी वेगळी सवलत केली असती, तर तीही एक खूणच झाली असती; म्हणून नियम सर्वांस लावला. तो मुलगा आता तिघांबरोबर जेवतो. हे हजेरीमुळे घडले, की तो गोलंदाजी उत्तम करितो म्हणून घडले, हे आम्हांस सांगता येणार नाही, आणि त्याचे श्रेय आम्हांस नकोही आहे.

ही व्यवस्था कायमची असावी, अशी आमची इच्छा नाही. ज्या सकाळी वर्गात प्रत्येकाचे पूर्ण नाव वाचावे आणि एकाही मुलाने मान वळवून पाहू नये, त्या सकाळी हा नियम आम्ही आनंदाने रद्द करू. ती सकाळ किती दूर आहे, हे शाळेइतकेच प्रत्येक घरावरही अवलंबून आहे.